बाल्डर्स गेट ३ : छावणीत कोणाला ठेवायचे

बाल्डर्स गेट ३ हा खेळ मी आतापर्यंत दोनदा पूर्ण केला आहे, आणि या दोन खेळींत इतका फरक कशामुळे पडला याचा विचार करताना मी दर वेळी एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : सोबत कोणाला नेले आणि छावणीत कोणाला बसवून ठेवले. कथा तीच, शत्रू तेच, नकाशाही तोच होता. तरीही पहिल्या खेळीत दोन माणसांचे जे नुकसान झाले, ते दुसऱ्या खेळीत झाले नाही. ही माणसे पडद्यावरची असली तरी त्या नुकसानाला मी कारणीभूत होते, ही जाणीव माझ्या मनातून गेली नाही, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

बेल्जियममधील गेंट शहरातल्या लारियन स्टुडिओजने हा खेळ ऑगस्ट २०२३ मध्ये संगणकासाठी प्रकाशित केला. त्याचे नियम डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या भूमिकाखेळाच्या पाचव्या आवृत्तीवर बेतलेले आहेत, म्हणजे प्रत्येक हल्ल्याचे आणि बहुतेक बोलण्याचेही भवितव्य वीस बाजूंचा फासा ठरवतो. या मालिकेतल्या १९९८ आणि २००० सालच्या खेळांत पार्टी, म्हणजे एकत्र चालणारा गट, सहा जणांची असे. इथे ती चौघांची आहे. त्यांत एक आपण, म्हणजे निवड करायची ती फक्त तिघांची. पहिल्याच भागात शॅडोहार्ट, लाएझेल, अस्टेरियन, गेल, विल आणि कार्लाक असे सहा सोबती भेटू शकतात. सहा जागांच्या पार्टीत चूक पोटात घालता येते, चार जागांच्या पार्टीत तसे होत नाही.

पहिल्या खेळीत मी स्वतः फायटर झाले. तलवार चालवणारे पात्र नवशिक्याला सोपे जाते असे वाचले होते, आणि ते खरेही आहे. मग लाएझेलला घेतले, कारण तीही फायटर होती आणि तिच्या तलवारीचा घाव क्वचितच चुकत असे. कुलुपे उघडण्यासाठी आणि सापळे निकामी करण्यासाठी अस्टेरियनला घेतले. कार्लाकला घेण्यामागे मात्र कोणताही हिशेब नव्हता. छातीत हृदयाऐवजी नरकात घडवलेले धगधगते इंजिन बसवलेली, त्यामुळे ज्याला हात लावील त्याला चटका बसेल अशी, आणि तरीही भेटेल त्याच्याशी मायेने बोलणारी ही बार्बेरियन, म्हणजे त्वेषाने लढणारी योद्धी, मला पहिल्या भेटीतच आवडली, आणि तिला मी शेवटपर्यंत सोबत ठेवले.

शॅडोहार्टला छावणीत पाठवले. ती आमची एकमेव क्लेरिक, म्हणजे देवतेच्या कृपेने मंत्र चालवणारी, होती हे मला माहीत होते. पण सुरुवातीच्या दोन-तीन लढायांत तिने फेकलेला अग्निबाण सारखा हुकत राहिला आणि ही कामाची नाही असे मी ठरवून टाकले. त्या बाणाचे गणित मी तपासले असते तर असे झाले नसते. शॅडोहार्टचे शहाणपण १७ आहे आणि क्लेरिकचे सगळे मंत्र त्याच गुणावर चालतात; अग्निबाण मात्र तिला वंशातून मिळालेला आहे आणि तो बुद्धीवर चालतो, जी तिच्याकडे अवघी १० आहे. पहिल्या लेव्हलला तिला फाशावर फक्त २ ची भर मिळते, म्हणजे समोरच्याचा बचाव १४ असेल तर १२ किंवा त्याहून जास्त पडले पाहिजे. शंभरातल्या पंचावन्न वेळा बाण वाया जाणार हे तिथेच ठरलेले असते. मी तिला तिचे नसलेले काम देत होते आणि ते जमत नाही म्हणून तिच्यावरच शिक्का मारत होते. ती फार काही बोलत नसे, स्वतःबद्दल विचारले की विषय टाळत असे, त्यामुळे तिला मागे ठेवताना मला वाईटही वाटले नाही.

या पार्टीची पहिली परीक्षा एमराल्ड ग्रोव्ह या राईजवळच्या किनाऱ्यावर झाली. तिथे हार्पी नावाच्या पंखवाल्या बायका गाणे गाऊन एका लहान मुलाला पाण्याकडे ओढत असतात. त्यांचे गाणे कानी पडले की शहाणपणाच्या बळावर फासा टाकावा लागतो. तो हरला की आपले पात्र शस्त्र विसरून गाणाऱ्या हार्पीकडे चालू लागते. आमच्या चौघांत शहाणपणाने भरलेला कोणीच नव्हता. पहिल्याच फेरीत आम्ही तिघेजण रांगेने निघालो, एकटा अस्टेरियन मागे राहिला आणि मुलगा वाचला नाही. माझा धाकटा भाऊ शेजारी बसून पाहत होता. तो शाळेपासून कबड्डी खेळतो. तो म्हणाला, "ताई, तुझ्या संघात सगळे चढाई करणारेच आहेत. पकड कोण करणार?"

त्याचे म्हणणे मी तेव्हा हसण्यावारी नेले नाही, पण मनावरही घेतले नाही. मागचा सेव्ह, म्हणजे आधी साठवून ठेवलेला खेळ, उघडला, दूर उंचावर उभे राहून बाण मारले, आणि तिसऱ्या प्रयत्नात मुलगा वाचला. यात घात असा झाला की जिंकल्यामुळे पार्टीतला दोष झाकला गेला. पुढे बराच काळ असेच चालले. जखमा झाल्या की औषधाच्या बाटल्या प्यायच्या, त्या संपल्या की छावणीत जाऊन मोठी विश्रांती घ्यायची. काठिण्याच्या बॅलन्स्ड या पातळीवर एका मोठ्या विश्रांतीला ४० एकक शिधा लागतो, आणि दिसेल ते पिंप व पेटी उघडण्याची सवय असलेल्याला तो सहसा कमी पडत नाही. गॉब्लिनांची छावणी आम्ही बळावर जिंकली. गॉब्लिनांशी हातमिळवणी करून ग्रोव्हमध्ये आश्रय घेतलेल्या निर्वासितांवर चालून गेले तर कार्लाक आणि विल दोघेही सोडून जातात. तो मार्ग माझ्या मनातही आला नव्हता. ग्रोव्हमधल्या डॅमन या लोहाराने कार्लाकचे इंजिन पहिल्यांदा दुरुस्त केले. तिची धग थोडी उतरली, पण तिला स्पर्श करणे अजून शक्य नव्हते. पुढची दुरुस्ती नंतर करावी लागेल, असे तो म्हणाला.

दुसऱ्या भागात शापित सावल्यांचा प्रदेश लागतो, आणि त्यात लास्ट लाइट नावाची सराई आहे. इसोबेल नावाची क्लेरिक चंद्रदेवतेच्या कृपेने त्या सराईभोवती प्रकाशाचे कवच धरून असते. त्या कवचामुळेच आतली माणसे जिवंत असतात. डॅमनही आता तिथे येऊन थांबलेला असतो. मी वरच्या मजल्यावर इसोबेलशी बोलायला गेले, आणि बोलणे संपते न संपते तोच मार्कस नावाचा पंखवाला माणूस तिला पळवून न्यायला आला आणि त्याच्यामागून उडणारी भुते आत घुसली.

ती लढाई मी आजही पाळीगणिक सांगू शकते. लाएझेल आणि मी एकेका भुतावर तुटून पडलो. कार्लाक मार्कसपर्यंत पोहोचली आणि तिने त्याला चांगलेच जखमी केले. आमच्या बाजूने होणारी इजा भरपूर होती, त्यात काही कमी नव्हते. पण इसोबेल स्वतःच्या पाळीत पुढे सरकून लढत होती, सगळे शत्रू तिच्यावर वळले होते, आणि तिला झाकणे, तिच्यावर होणारा हल्ला वळवणे किंवा तिची जखम भरणे यांपैकी एकही गोष्ट आमच्या चौघांपैकी कोणालाच येत नव्हती. माझ्याकडे बाटल्या होत्या, परंतु बाटली फेकायची तर हल्ल्याची पाळी जाते आणि फेकण्याइतके जवळही असावे लागते. तिसऱ्या फेरीत इसोबेल कोसळली आणि मार्कस तिला घेऊन गेला. कवच विझले. सावली आत आली. खाली उतरलो तेव्हा ज्यांच्याशी अर्ध्या तासापूर्वी बोललो होतो ती माणसे शापाने पालटून आमच्यावर चालून आली. मेलेल्यांत डॅमन होता.

कार्लाकची दुसरी दुरुस्ती करणारा माणूस आता उरला नव्हता. भावाने इतकेच विचारले, "तुझ्याकडे एक क्लेरिक होती ना? ती कुठे आहे?"

ती छावणीत होती. मी मागचा सेव्ह उघडू शकत होते, हार्पींच्या वेळी तसे केलेही होते. या वेळी उघडला नाही. पार्टी मी निवडली होती आणि तिचा परिणाम मी पाहायचा, असे मला मनापासून वाटले.

पुढे शारच्या मंदिरात शॅडोहार्टची कथा कळसाला पोहोचते, तेव्हा तिला नाइलाजाने सोबत घेतले. अंधाराची देवी शार हिची ती भक्त, आणि तिथे कैदेत असलेल्या नाइटसाँग नावाच्या स्त्रीला भाल्याने मारले की तिला देवीची सर्वोच्च सेवा मिळणार. निर्णय मी तिच्यावर सोडला. सोबत्यांच्या मनात आपल्याविषयी असलेली आपुलकी हा खेळ मोजत असतो, आणि सर्वसाधारणपणे जो सोबत चालतो त्याच्याच मनात ती वाढते. छावणीत बसलेल्याला अनुभवाचे गुण मिळतात, त्याची लेव्हल आपल्याबरोबर वाढते, पण आपण वाटेत कोणाला वाचवले, कोणाशी कसे वागलो हे त्याने पाहिलेले नसते. शॅडोहार्टने माझ्यासोबत काहीच पाहिले नव्हते. माझ्या विश्वासाला तिच्या लेखी काही वजन असण्याचे कारण नव्हते. तिने भाला मारला.

पहिली खेळी संपली तेव्हा कार्लाक अखेरपर्यंत कोणाच्या मिठीत आली नव्हती.

दुसरी खेळी मी काही महिन्यांनी सुरू केली, आणि त्याआधी पार्टीच्या समतोलाबद्दलचे माझे सगळे समज पुन्हा तपासले. एक मार झेलणारा, एक जखमा भरणारा, एक कुलुपे उघडणारा आणि एक जादूगार अशी चौकट सगळीकडे सांगितली जाते. नवख्याला ती उपयोगी पडते, पण या खेळात ती अपुरी आहे, कारण इथल्या लढाईत जखमा भरत बसणे हे पूर्णवेळ काम नाही. हीलिंग वर्ड हा पहिल्या पातळीचा मंत्र १८ मीटरवरून टाकता येतो आणि त्याला पाळीतली मुख्य कृती (ॲक्शन) लागत नाही, छोटी जादा कृती (बोनस ॲक्शन) पुरते. त्यातून भरून निघणारी जखम थोडीच असते. त्याचा खरा उपयोग पडलेल्या सोबत्याला उभे करण्याचा, कारण उभा राहिलेला सोबती आपली पाळी खेळतो. समतोल मोजायचा तो अशा पाळ्यांत.

दुसरे मोजमाप एकाग्रतेचे. ब्लेस, हेस्ट, स्पिरिट गार्डियन्स यांसारखे मंत्र टिकवायला एकाग्रता लागते आणि एका पात्राला एका वेळी असा एकच मंत्र धरता येतो. माझ्या पहिल्या पार्टीत असा मंत्र धरणारे कोणीच नव्हते, म्हणजे चार हातांपैकी एकाही हातात ढाल नसावी तशी ती गत होती. ब्लेसमुळे तीन जणांच्या हल्ल्याच्या आणि बचावाच्या फाशात चार बाजूंच्या फाशाची भर पडते. सरासरीने ती अडीच, आणि वीस बाजूंच्या फाशावर अडीच म्हणजे यशाची शक्यता साडेबारा टक्क्यांनी वाढणे. हार्पींच्या गाण्यापुढे आम्ही तिघे रांगेने चालत गेलो, तेव्हा हा एक मंत्र छावणीत शॅडोहार्टजवळ होता.

तिसरी गोष्ट विश्रांतीची, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. दोन मोठ्या विश्रांतींच्या मध्ये दोन छोट्या विश्रांती घेता येतात. स्लॉट म्हणजे मंत्र टाकण्याच्या मोजक्या संधी. वॉरलॉकचे, म्हणजे करारातून मंत्र मिळवणाऱ्याचे, स्लॉट छोट्या विश्रांतीतही भरून येतात, विझार्डचे, म्हणजे अभ्यासातून मंत्र शिकणाऱ्याचे, बहुतांश मोठ्या विश्रांतीतच. बार्डकडे, म्हणजे गाण्यातून जादू करणाऱ्याकडे, दुसऱ्या लेव्हलपासून एक गाणे येते, ज्यामुळे छोट्या विश्रांतीइतकाच लाभ आणखी एकदा मिळतो. आता पाचव्या लेव्हलचा हिशेब पाहू. वॉरलॉक असलेल्या विलकडे दोनच स्लॉट, पण दोन विश्रांती आणि एक गाणे धरले तर एका दिवसात आठ, आणि तेही सगळे तिसऱ्या पातळीचे. विझार्ड असलेल्या गेलकडे एकूण नऊ स्लॉट, त्यांत तिसऱ्या पातळीचे दोन. विझार्डला दिवसातून थोडे स्लॉट परत मिळवता येतात, ते वेगळे. म्हणजे विल एकटा पाहिला तर गेलपुढे कमी वाटतो, आणि बार्डसोबत असला की पारडे फिरते. पात्र चांगले की वाईट हे एकेकट्याने ठरत नाही, हे मला या हिशेबाने कळले. कबड्डीतला कोपरारक्षक शेजारच्या साखळीवाचून पकड करू शकत नाही, असे भाऊ म्हणतो ते यासारखेच असावे.

तरीही पार्टी ठरवताना मी सुरुवात हिशेबापासून केली नाही. आधी मनाला विचारले की कोणाची कथा मला शेवटपर्यंत चालायची आहे. कार्लाक हवीच होती. शॅडोहार्टचे देणे माझ्यावर होते. आणि विल, ज्याने कार्लाकला मारण्याचे आपल्या मालकिणीचे फर्मान मोडले आणि त्याची शिक्षा म्हणून डोक्यावर शिंगे घेऊन हिंडतो, तो या दोघींच्या सोबत असावा असे मला वाटले. ही तिन्ही माणसे ठरल्यावर उरलेली उणीव भरून काढण्याचे काम मी माझ्या पात्राकडे घेतले. मी बार्ड झाले. बार्डचे बोलणे प्रभावी असते, आणि संभाषण जो सुरू करतो त्याच्याच गुणांवर फासा पडत असल्यामुळे ते काम नायकाकडे असलेले बरे. तिसऱ्या लेव्हलला मिळणारे प्रावीण्य मी हातचलाखीला दिले, म्हणजे कुलुपांसाठी अस्टेरियनवर अवलंबून राहावे लागले नाही. हीलिंग वर्ड बार्डलाही येतो, त्यामुळे शॅडोहार्ट केवळ मलमपट्टीत अडकली नाही.

हे सगळे करताना छावणीत येऊन राहणाऱ्या विदर्स या जुनाट सांगाड्याचा मोठा आधार वाटतो. शंभर सोन्याची नाणी दिली की तो कोणाही सोबत्याचा वर्ग (फायटर, क्लेरिक, बार्ड वगैरे) आणि गुण नव्याने मांडून देतो. त्यामुळे कामाची वाटणी बदलता येते; माणूस मात्र तोच राहतो, त्याचा आवाज, त्याचा भूतकाळ आणि त्याची आपल्याविषयीची आपुलकी तीच राहते. म्हणून आधी माणूस निवडावा आणि काम नंतर ठरवावे, असे माझे ठाम मत झाले आहे. पहिल्या खेळीत मी नेमके उलटे केले होते.

अर्थात चौघांच्या बाहेर जे राहतात त्यांचा प्रश्न यामुळे सुटत नाही. लाएझेलला मी तिच्या लोकांच्या ठाण्यावर जाताना विलच्या जागी सोबत नेले, अस्टेरियनला त्याच्या जुन्या मालकाच्या वाड्यात नेले. पण मधल्या वाटेवर ते नव्हते आणि त्यांच्या बोलण्यात ते जाणवले. गेलला मी त्याने मागितलेल्या तीन जादूच्या वस्तू दिल्या, रात्री छावणीत त्याच्याशी बोलत राहिले, पण त्याची कथा मला अर्धीच ऐकू आली. याचे मला आजही वाईट वाटते.

लास्ट लाइटच्या सराईत मी दुसऱ्यांदा पोहोचले, तेव्हा इसोबेलशी बोलण्याआधीच शॅडोहार्टला तिच्या शेजारी उभे केले आणि कार्लाकला पुढे ठेवले. मार्कस आला. शॅडोहार्टने पहिल्या पाळीत इसोबेलवर सँक्च्युअरीचे कवच घातले. ते असेतो शत्रूला तिच्यावर थेट नेम धरता येत नाही. इसोबेलने स्वतः हल्ला करताच ते तुटले, ते तुटणार हे मी धरूनच चालले होते, पण तेवढ्यात कार्लाकने मार्कसची वाट अडवली होती. पुढच्या पाळीत शॅडोहार्टने स्पिरिट गार्डियन्स सुरू केले आणि तिच्याभोवती तीन मीटरच्या घेऱ्यात येणारे प्रत्येक भूत भाजून निघू लागले. मी एकदा इसोबेलवर आणि एकदा विलवर हीलिंग वर्ड टाकला. लढाई लांबली, आम्ही केलेली इजा पहिल्या खेळीपेक्षा कमीच होती, आणि शेवटी इसोबेल आपल्या पायांवर उभी होती.

मग आम्ही डॅमनकडे गेलो. दुरुस्ती झाल्यावर कार्लाकने विश्वास बसत नसल्यासारखे आपले हात पाहिले, आणि मग माझ्या पात्राला मिठी मारली. भाऊ त्या दिवशी घरी नव्हता. मी तो प्रसंग सेव्ह करून ठेवला आणि तो आल्यावर त्याला दाखवला.

डोमेन म्हणजे क्लेरिकचे खास मंत्रक्षेत्र; शॅडोहार्टला सुरुवातीला मिळणारे ट्रिकरी (छलकपटाचे) डोमेन लढाईत फारसे साथ देत नाही, आणि विदर्सकडून ते बदलून लाइट (प्रकाशाचे) डोमेन घ्यावे हे मला पहिल्या भागातच कळले होते. तरी मी थांबले. अंधाराच्या देवीची शपथ वाहणारीच्या हाती प्रकाशाचे मंत्र देणे हिशेबाला धरून असले तरी तिच्याशी प्रामाणिक नव्हते, आणि ब्लेस, सँक्च्युअरी व स्पिरिट गार्डियन्स तर कोणत्याही डोमेनच्या क्लेरिकला येतात, म्हणजे थांबून फारसे अडतही नव्हते. शारच्या मंदिरात आम्ही पुन्हा नाइटसाँगसमोर उभे राहिलो. या वेळी शॅडोहार्ट पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर चालली होती. हार्पींच्या किनाऱ्यावरून मुलाला आणताना, गॉब्लिनांच्या छावणीत, सराईत, सगळीकडे ती होती. मी तिला आज्ञा केली नाही आणि अडवलेही नाही. तिने भाला फेकून दिला.

रात्री छावणीत मोठी विश्रांती घेतली, आणि नंतर पाहिले तर तिचे काळे केस पांढरे झालेले होते. तेव्हा तिला घेऊन मी विदर्सकडे गेले आणि शंभर नाणी मोजली.